जुन्या विक्रांतवर कॅटापल्ट होता, मग नव्या विक्रांतवर का नाही?

खाडीपलीकडचा
शनिवार, रात्री ९:१०

मंडळी, प्रश्न सरळ आहे. १९६१ साली आपल्या नौदलात आलेल्या आयएनएस विक्रांतवर वाफेवर चालणारा कॅटापल्ट होता. विमान त्याला अडकवायचं, वाफ सोडायची, की गलोलीतून खडा सुटावा तसं विमान समोर हवेत. २०२२ साली ताफ्यात आलेल्या नव्या विक्रांतवर तो नाही. तिथे डेकचं पुढचं टोक वर वळवलंय. विमान स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर धावत येतं आणि त्या चढावरून उडतं.

म्हणजे ब्रिटिशांनी पाऊण बांधून सोडून दिलेल्या, १६ हजार टनांच्या जहाजावर जे होतं, ते आपण २० हजार कोटी घालून बांधलेल्या ४५ हजार टनांच्या जहाजावर नाही. माझ्या मते हे चक्क एक पाऊल मागे आहे. अमेरिकेकडे कॅटापल्ट आहेत, फ्रान्सच्या एकुलत्या एक जहाजावर आहेत, आता चीनच्या फुजियानवरही आहेत. आपल्यालाच का नको झाले? परवडत नाही, की जमत नाही?

जाणकारांनी सांगावं. 'आपलं ते भारीच' छापाचे प्रतिसाद नकोत, आणि 'आपल्याला कधी काही जमलंय का' छापाचेही.

---

मिसळ_जास्त_तर्री
शनिवार, रात्री ९:१४

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

टोमणेकर
शनिवार, रात्री ९:२१

दोन्ही छापांचे प्रतिसाद नकोत म्हणता, मग या संस्थळावर उरलं काय?

---

निवृत्त आर्टिफिसर
शनिवार, रात्री १०:३५

लोणावळ्याला आयएनएस शिवाजी या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात शिकून बाहेर पडलो आणि ऐंशीच्या दशकातली काही वर्षं जुन्या विक्रांतच्या पोटात काढली. त्यामुळे खालच्या बाजूने उत्तर देतो. वरचं विमानवाल्यांनी सांगावं.

जुन्या विक्रांतला चार बॉयलर आणि दोन टर्बाइन. मिळून ४० हजार अश्वशक्ती, वेग साधारण २४ नॉट. बॉयलरची वाफ मुख्यतः टर्बाइनला जायची, त्यातलीच थोडी कॅटापल्टच्या टाक्यांत दाबून भरून ठेवायची. डेकच्या खाली लांबच लांब सिलिंडर, त्याला वरून लांबीभर फट, आत दट्ट्या. दट्ट्याला जोडलेलं शटल त्या फटीतून डेकवर डोकावतं. विमानाच्या पोटाखालून पोलादी दोराचा फास घ्यायचा आणि शटलला अडकवायचा. शेपटीकडे विमान एका धातूच्या तुकड्याने मागे धरून ठेवलेलं असतं. तो तुकडा मुद्दाम कमजोर केलेला, ठरलेल्या ताणाला तुटणारा. इंजिन पूर्ण जोरात, झेंडी खाली, वाफ आत, तुकडा कट्‌कन तुटतो आणि विमान गेलं. फास पुढे सुटून समुद्रात पडायचा. आम्हाला खाली हे सगळं दिसायचं नाही. फक्त धाडकन आवाज यायचा आणि सगळं जहाज अंगभर शहारायचं. दबावाच्या काट्यावर ज्याची ड्यूटी, त्याला त्या आवाजाआधीच घाम फुटलेला असायचा.

आता नवी विक्रांत. तिला ढकलायला बॉयलरच नाहीत. चार एलएम-२५०० गॅस टर्बाइन, मिळून ८८ मेगावॅट. वाफच नाही तर वाफेचा कॅटापल्ट चालवणार कशावर? त्याच्यासाठी वेगळे बॉयलर बसवायचे तर गॅस टर्बाइन घेऊन मिळवलेला फायदा गेला. विमानवाहू जहाजाचं इंजिन ठरलं, की वरून कुठलं विमान उडणार हे निम्मं तिथेच ठरतं. लोक डेककडे बघतात, उत्तर तळाशी असतं.

गॅस टर्बाइनच का, असं कुणी विचारील. बॉयलर थंड असेल तर वाफ धरायला तासन् तास जातात, गॅस टर्बाइन काही मिनिटांत तयार. माणसं कमी लागतात. आणि गोड्या पाण्याचा हिशेब! कॅटापल्टला दिलेली वाफ परत येत नाही. प्रत्येक उड्डाणाला तेवढं पाणी समुद्राच्या पाण्यातून पुन्हा गाळून करायचं. शिवाय शिवालिक वर्गाच्या फ्रिगेटांवर हीच टर्बाइन आहेत, बंगळुरूला एचएएल ती जोडून देतं. म्हणजे हात बसलेले आहेत.

---

मिसळ_जास्त_तर्री
शनिवार, रात्री १०:५०

साहेब, वाचनखूण साठवली. असेच प्रतिसाद वाचायला इथे येतो.

---

अर्धवटराव_नाही
शनिवार, रात्री ११:२८

आर्टिफिसर साहेब, आदर राखून असहमत. वाफ नाही म्हणून कॅटापल्ट नाही, हे नव्या विक्रांतला लागू पडतं. पण आपल्या दुसऱ्या विमानवाहूचं, विक्रमादित्यचं काय? ती रशियाकडून घेतलेली जुनी ॲडमिरल गोर्शकोव, आत आठ बॉयलर. २०१२ च्या चाचण्यांत त्याच बॉयलरांचं विटांचं अस्तर ढासळलं आणि जहाज मिळायला आणखी वर्षभर लागलं. म्हणजे वाफ रग्गड, तरीही पुढे १४ अंशांचा चढ. का?

---

निवृत्त आर्टिफिसर
रविवार, सकाळी ७:०५

प्रश्न रास्त आहे. वाफ हवीच, पण वाफेने भागत नाही. कॅटापल्ट बनवणारा हवा. रशियाने तो जहाजावर कधी चालवलाच नाही. सोव्हिएत काळात उल्यानोव्स्क नावाचं अणुशक्तीवरचं जहाज बांधायला घेतलं होतं, त्याच्यावर येणार होता. सोव्हिएत संघ मोडला आणि १९९२ मध्ये ते अर्धवट जहाजच भंगारात गेलं. गोर्शकोवच्या पुढच्या डेकवर क्षेपणास्त्रांच्या मोठ्या नळ्या होत्या. त्या काढल्या आणि त्या जागी चढ बसवला. जो विकणारा, त्याच्या दुकानात जे होतं तेच आपल्याला मिळालं.

वाफेचा कॅटापल्ट आज विकत घ्यायचा तर अमेरिका सोडून कुठे जाणार? फ्रान्सच्या चार्ल्स द गॉलवरचे दोन्ही अमेरिकी आहेत.

---

गणितातला_ढ
रविवार, सकाळी ९:४०

चढाचं शास्त्र थोडं सोपं करून सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं की चढामुळे विमानाला उसळी मिळते आणि झालं.

विमान उडायला त्याच्या पंखांवरून ठरावीक वेगाने वारा वाहावा लागतो. जमिनीवर तो वेग येईपर्यंत दीड-दोन किलोमीटर धावायला मिळतं, जहाजावर शंभर-दोनशे मीटर. म्हणून जहाज वाऱ्याच्या तोंडावर वळवून पूर्ण वेगात हाकतात. जहाजाचा वेग आणि वाऱ्याचा वेग, दोन्ही विमानाला फुकटात मिळतात. उरलेला वेग कॅटापल्टने द्यायचा नाहीतर विमानाने स्वतः कमवायचा.

चढावर गंमत अशी की टोक सोडताना विमान अजून नीट उडण्याच्या वेगात आलेलंच नसतं. पण वर फेकलं गेल्यामुळे खाली पडायला त्याला वेळ लागतो आणि त्या चार-पाच सेकंदांत इंजिन उरलेला वेग मिळवून देतं. ही कल्पना डग टेलर या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याची, सत्तरच्या दशकात विद्यापीठात प्रबंध लिहिताना मांडलेली. खर्च जवळपास शून्य. हलणारा एकही भाग नाही, बिघडायला काही नाहीच.

पण त्याची किंमत विमान भरतं. इंजिन वजनाच्या मानाने दांडगं हवं. मिग-२९के ला ते जमतं, तेही हवा पडलेली असेल, ऊन तापलेलं असेल, तर इंधन किंवा शस्त्रं कमी करून. लांब वेळ घिरट्या घालणारं, पाठीवर रडारची थाळी घेऊन फिरणारं पंख्याचं विमान तिथून उडवणं अवघड. आज चढवाल्या जहाजांवर तसं विमान कुणाकडेच नाही, ब्रिटनकडेही नाही. सगळे रडारवाल्या हेलिकॉप्टरवर भागवतात. आपल्याकडे कामोव्ह-३१ आहे.

माझ्या मते खाडीपलीकडचा यांचं दुखणं खरं इथे आहे. लढाऊ विमान चढावरून उडतंच. गमावले ते उंचावरचे डोळे.

---

घोडबंदरची_सून
रविवार, सकाळी १०:१५

माझा बाळबोध प्रश्न. उडतात ते कळलं, पण उतरतात कसे? तिथे तर चढ-बिढ काही नाही.

---

गणितातला_ढ
रविवार, सकाळी १०:३१

बाळबोध अजिबात नाही. डेकवर आडव्या पोलादी तारा, नव्या विक्रांतवर तीन. विमानाच्या शेपटीखाली आकडा. आकडा तारेत अडकतो, तार खालच्या यंत्रणेतून ताण देत सुटते आणि ताशी २४० किलोमीटरवरचं विमान अडीच-तीन सेकंदांत थांबतं.

अंगावर काटा आणणारी गोष्ट पुढे आहे. चाकं टेकताच वैमानिक इंजिन बंद करत नाही, उलट पूर्ण जोरात सोडतो. कारण आकडा एकही तार धरू शकला नाही तर पुढे समुद्र आहे आणि लगेच पुन्हा उडायला हवं. म्हणून उतरायची पट्टी जहाजाच्या मध्यरेषेला तिरकी असते, समोर उभ्या केलेल्या विमानांवर जाऊन आदळायला नको.

ती तिरकी पट्टी, वाफेचा कॅटापल्ट आणि वैमानिकाला उतरायचा कोन दाखवणारा आरसा, तिन्ही ब्रिटिश नौदलाची देणगी, सगळी १९५० च्या आसपासची. जुनी विक्रांत बेलफास्टला पूर्ण करताना तिन्ही तिच्यावर बसवली. १९६१ साली आपल्याला मिळालं ते जुनं पातेलं नव्हतं.

---

घोडबंदरची_सून
रविवार, सकाळी १०:४४

पूर्ण जोरात सोडतात! नवऱ्याला आमच्या सोसायटीत गाडी लावताना हेच सुचतं बहुतेक.

---

टोमणेकर
रविवार, सकाळी १०:४६

पण आकडा कुठाय त्यांना?

---

बेलफास्टकर
रविवार, दुपारी ३:२०

आयडी बघून कळलंच असेल मी का आलो ते. नोकरीमुळे इथे आहे, हारलँड अँड वोल्फच्या गोदीवरून नेहमी जातो. टायटॅनिक जिथे बांधली, तीच गोदी. इथल्या लोकांना टायटॅनिक सांगावी लागत नाही, पण भारताची पहिली विमानवाहू याच गोदीत पूर्ण झाली म्हटलं की भुवया वर जातात.

थोडा इतिहास. जहाजाचं मूळ नाव हर्क्युलीस. १९४३ मध्ये न्यूकॅसलजवळ टाइन नदीवर बांधायला घेतलं, सप्टेंबर १९४५ मध्ये पाण्यात सोडलं. तोवर युद्ध संपलं होतं. १९४६ मध्ये काम थांबलं आणि ते तसंच पडून राहिलं. १९५७ मध्ये भारताने विकत घेतलं, इथे बेलफास्टला आणून पुरं केलं आणि ४ मार्च १९६१ ला विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते ते भारतीय नौदलात आलं. पहिले कप्तान प्रीतमसिंग महिंद्रू.

एक बाब फारशी कुणी सांगत नाही. या वर्गाची जहाजं युद्धकाळात झटपट मिळावीत म्हणून बरीचशी व्यापारी जहाजांच्या पद्धतीने आखली होती. युद्ध संपेपर्यंत टिकली की पुरे, असा हिशेब. त्या हिशेबातलं जहाज आपण १९९७ पर्यंत वापरलं.

आणि जरा मनातलं. इथे १९१४ सालची कॅरोलाइन नावाची क्रूझर अजून जपून ठेवली आहे, जटलंडच्या लढाईत उतरलेली. तिकीट काढून आत जाता येतं. आपण काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे.

---

दारूखान्याचा_शेजारी
रविवार, सायंकाळी ६:०२

बेलफास्टकर, मीठ चोळलंत.

२०१२ पर्यंत ती संग्रहालय म्हणून उघडी होती. शाळेच्या सहलीबरोबर मी आत गेलो होतो. उभ्या लोखंडी शिड्या, खाली उतरताना मुलींच्या दप्तरांची गर्दी, आणि हँगरमध्ये मध्यभागी ठेवलेलं सी हॉक लढाऊ विमान. मास्तर ओरडत होते 'हात लावू नका' आणि सगळे हात लावत होते. नंतर जहाज धोकादायक झालं म्हणून बंद केलं, २०१४ मध्ये ६० कोटींना लिलावात गेलं. न्यायालयापर्यंत लोक गेले, उपयोग झाला नाही. त्या वर्षाच्या अखेरीस मुंबईत दारूखान्याला, जिथे जुनी जहाजं तोडतात, तोडायला सुरुवात झाली. गॅस कटरच्या ठिणग्या, डेकचे पोळीसारखे सुटे केलेले पत्रे, आणि वास. जुन्या रंगाचा, डिझेलचा, गाळाचा. तिकडून जाणारे टॅक्सीवालेसुद्धा गाडी हळू करायचे.

---

व्ही_पंधरावाला
रविवार, सायंकाळी ६:३०

त्याच पोलादाचा अंश असलेली बजाजची व्ही मोटरसायकल माझ्याकडे आहे. टाकीच्या झाकणावर विक्रांतचं चित्र. रोज सकाळी सिग्नलला विक्रांत थांबवतो आणि मागचा रिक्षावाला हॉर्न मारतो.

---

टोमणेकर
रविवार, सायंकाळी ६:३३

कॅटापल्ट लावून घ्या.

---

व्ही_पंधरावाला
रविवार, सायंकाळी ६:३५

गॅस टर्बाइन नाही, पेट्रोल आहे. वाफेचीच अडचण. :)

---

तिसरं_गोदाम
रविवार, रात्री ८:४५

जुन्या विक्रांतचा विषय निघालाय आणि १९७१ वर कुणी काही बोललं नाही? कॅटापल्ट, वेग, वारा हे सगळं तिथे एकत्र आलं होतं.

१९७० मध्ये तिच्या बॉयलरांच्या पाण्याच्या ड्रमांना बारीक चिरा पडल्या. वेल्डिंगने भागेना. नवे ड्रम ब्रिटनहून मागवले, पण ते येईपर्यंत बॉयलर वापरायचे नाहीत असा हुकूम. जहाज सात-आठ महिने मुंबईत बसून. १९७१ उजाडलं, पूर्वेकडे ढग जमू लागले आणि ड्रम आलेच नव्हते. शेवटी बॉयलर कमी दाबावर पेटवून पाहायचं ठरलं. मार्चमध्ये चाचण्या झाल्या. दाब ४०० पौंडांवर बांधून घातला, त्यामुळे वेग १४ नॉटच्या आसपास. २४ ची क्षमता असलेलं जहाज.

आता ढ साहेबांचं गणित लावा. १० नॉट गेले म्हणजे ताशी १८-१९ किलोमीटरचा फुकटचा वारा गेला. विमान तेवढं हलकं करून उडवावं लागणार. बंगालच्या उपसागरात डिसेंबरातला वारा काही वादळी नसतो.

त्या जहाजाला पूर्वेला पाठवायचं की पश्चिमेला, की ठेवायचंच मुंबईत, यावर नौदलात बरीच घासाघीस झाली. पाठवलं पूर्वेला. कप्तान स्वराज प्रकाश. ४ डिसेंबरच्या सकाळी आठ सी हॉक निघाले आणि कॉक्स बाजारच्या धावपट्टीवर हल्ला केला, मग चितगाव. रात्रीच्या कामगिरीवर आलिझे. ही विमानं मूळ पाणबुडी शोधायची, पोटाखाली रडारचा गोल डबा बाहेर काढायची. खुलना, मोंगला, जिथे नौका दिसल्या तिथे. दहा-बारा दिवस हेच.

म्हणजे 'जुनी भारी होती' म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं की बॉयलर चिरला की कॅटापल्टसकट सगळी मदार डगमगते. नव्या विक्रांतवर एक टर्बाइन बंद पडलं तर तीन उरतात, आणि विमान उडवायची यंत्रणा बिघडायचा प्रश्नच नाही.

---

अर्धवटराव_नाही
रविवार, रात्री ९:१०

पाकिस्तानी पाणबुडी गाझीचा उल्लेख राहिला. विक्रांतला शोधायलाच ती आली होती आणि आयएनएस राजपूतने विशाखापट्टणमबाहेर तिला बुडवली.

---

तिसरं_गोदाम
रविवार, रात्री ९:१८

मुद्दाम टाळला, कारण त्यावरून धाग्याचं काश्मीर होतं. ३ डिसेंबरच्या रात्री विशाखापट्टणमबाहेर ती बुडाली, हे नक्की. राजपूतने पाण्यात टाकलेल्या स्फोटकांनी, हे आपलं म्हणणं. तिच्या स्वतःच्याच सुरुंगांनी किंवा आतल्या स्फोटाने, हे त्यांचं. विक्रांत त्या वेळी तिथे नव्हतीच, ती अंदमानात लपवलेली होती आणि राजपूतने विक्रांत असल्याचा आव आणून गाझीला भुलवलं होतं. खुद्द जहाज न दाखवता शत्रूची पाणबुडी आपल्या दाराशी आणली, माझ्या मते श्रेय त्याचं मोठं.

---

अर्धवटराव_नाही
रविवार, रात्री ९:२२

आतल्या स्फोटाची थिअरी मला पटत नाही. पण वेगळा धागा काढतो.

---

संपादक मंडळ
रविवार, रात्री ९:४०

काढाच. इथे कॅटापल्टवर या.

---

मिसळ_जास्त_तर्री
रविवार, रात्री ९:४२

१९६५ मध्ये तर पाकिस्तान रेडिओने विक्रांत बुडवलीच होती. ती मुंबईत सुक्या गोदीत होती! गोदीत बुडालेलं जगातलं एकमेव जहाज.

---

गनिमी_कावा
सोमवार, सकाळी ८:३०

मी येणार हे माहीतच होतं तुम्हाला. नव्या विक्रांतच्या दिवशीच नौदलाचा ध्वज बदलला, त्यावर शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. तेव्हा माझा अधिकार आहेच.

वाऱ्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. आंग्र्यांची गुराब म्हणजे दोन-तीन डोलकाठ्यांची, तळ उथळ, नाळेवर तोफा. मोठ्या इंग्रजी जहाजाला वारा पडला की हलता यायचं नाही. गुराबेला वारा नसला तरी चालायचं, कारण बरोबरची गलबतं वल्ह्यांवर चालायची, ती दोर टाकून गुराबेला ओढून शत्रूच्या मागच्या बाजूला आणायची. तिथे शत्रूच्या तोफा कमी. समोर उभी राहायचीच नाही. कान्होजींनी मुंबईकर इंग्रजांना आयुष्यभर याच पायी जेरीस आणलं.

मुद्दा असा की जहाज कोणत्या पाण्यात, कोणाविरुद्ध लढणार हे पाहून बांधलं जातं. अमेरिकेचं जहाज अर्ध्या जगापलीकडे जाऊन लढतं, म्हणून त्याला जड विमानं लागतात. आपली विक्रांत अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागरासाठी आहे. अमेरिकेकडे आहे म्हणून आपल्याकडे पाहिजे, हा हट्ट सोडा.

---

टोमणेकर
सोमवार, सकाळी ८:४१

धागा कुठूनही सुरू होवो, विजयदुर्गला पोचतोच.

---

खाडीपलीकडचा
सोमवार, सकाळी ११:१५

गनिमी_कावा, मुद्दा पटण्यासारखा आहे, पण एक फरक आहे. चीनची जहाजं हिंदी महासागरात येतात आणि फुजियानवर रडारवालं विमान उडतं. तेही विजेच्या कॅटापल्टने, आणि ते जहाज अणुशक्तीवर नाही. म्हणजे आर्टिफिसर साहेबांचा वाफेचा मुद्दा त्या जहाजाला लागू होत नाही. विजेचा कॅटापल्ट असता तर गॅस टर्बाइन ठेवूनही जमलं असतं ना?

---

निवृत्त आर्टिफिसर
सोमवार, दुपारी १:५०

असता तर! नव्या विक्रांतचा आराखडा नव्वदच्या दशकात आकार घेत होता, सांगाडा २००९ ला ठेवला. तेव्हा विजेचा कॅटापल्ट कुठल्याच जहाजावर नव्हता. पहिला अमेरिकेच्या जेराल्ड फोर्डवर, ती २०१७ मध्ये ताफ्यात आली आणि त्यानंतरही त्यांचा कॅटापल्ट बरीच वर्षं रुसून बसायचा. क्षणभरात प्रचंड वीज सोडायची म्हणजे ती साठवायची सोय, त्याला जागा, त्याला थंड ठेवणं, सगळं आलं. जहाज तेवढं मोठं हवं. फुजियान ८० हजार टनांच्या घरातलं आहे, विक्रांत निम्मी.

ब्रिटनचंच उदाहरण घ्या. क्वीन एलिझाबेथ वर्गाच्या जहाजावर कॅटापल्ट बसवायचं २०१० मध्ये ठरलं, २०१२ मध्ये खर्चाचा आकडा बघून परत चढावर आले. ज्यांनी वाफेचा कॅटापल्ट शोधला तेच! त्यांचं शेवटचं कॅटापल्टवालं जहाज आर्क रॉयल १९७९ मध्येच निवृत्त झालं. आपली विराट म्हणजे त्यांची हर्मिस, तिच्यावरचेही कॅटापल्ट सत्तरच्या दशकात काढले गेले आणि नंतर १२ अंशांचा चढ आला.

आणि आपलंही तेच झालं. जुन्या विक्रांतवर १९८३ च्या डिसेंबरात पहिलं सी हॅरियर उतरलं, वैमानिक अरुण प्रकाश, पुढे नौदलप्रमुख झाले. जागच्या जागी उतरणारं ते विमान, ना आकडा ना तार. मग १९८७ ते ८९ च्या दुरुस्तीत चढ बसवला, कॅटापल्ट काढला, आलिझे जहाजावरून कायमची उतरली. तेव्हा खरं तर तुमच्या शीर्षकातच गडबड आहे. जुन्या विक्रांतवरही शेवटी कॅटापल्ट नव्हता.

---

मिसळ_जास्त_तर्री
सोमवार, दुपारी १:५३

धाग्याचं शीर्षकच बुडालं. गोदीत.

---

खाडीपलीकडचा
सोमवार, दुपारी २:४०

शीर्षक राहू द्या, १९८७ पर्यंत तर होताच. पण माझा आक्षेप आता नेमका सांगतो. लढाऊ विमानासाठी चढ चालेल, मान्य. विक्रांतवरून मिग उडतात, नौदलाचं तेजस २०२३ मध्ये तिच्यावर उतरलंय. पण आलिझे गेल्यापासून, म्हणजे गेली जवळपास चाळीस वर्षं, आपल्या विमानवाहूंवर लांब पल्ल्याचं पंखवालं टेहळणी विमान नाही. कामोव्ह हेलिकॉप्टर तेवढा वेळ, तेवढ्या उंचीवर राहू शकत नाही. चढाची किंमत ती आहे, आणि ती आपण गप्प बसून भरतोय.

---

गणितातला_ढ
सोमवार, दुपारी ३:०५

+१. मात्र त्याला एक उतारा आहे. आपल्या समुद्रात विमानवाहू बऱ्याचदा किनाऱ्यावरच्या पी-८आय टेहळणी विमानांच्या पल्ल्यात असते. अमेरिकेसारखी एकटी पडत नाही. गनिमी_कावा म्हणाले तेच वेगळ्या वाटेने.

---

अर्धवटराव_नाही
सोमवार, दुपारी ३:३०

रफालचं कुणीच काढलं नाही. २०२५ मध्ये २६ रफालचा करार झाला, २२ एका आसनाची, जहाजावरची. उरलेली चार दोन आसनी, ती प्रशिक्षणाला, किनाऱ्यावरूनच. ते विमान मुळात कॅटापल्टसाठी बांधलेलं. २०२२ च्या जानेवारीत गोव्याला आयएनएस हंसा या नौदलाच्या विमानतळावरच्या चढावरून उडवून बघितलं, जमलं. पण त्याचे पंख दुमडत नाहीत. विक्रांतच्या लिफ्ट मिगच्या मापाच्या. खाली हँगरमध्ये नेताना घासाघीस होणार.

---

दारूखान्याचा_शेजारी
सोमवार, दुपारी ४:१२

गोव्याचं निघालं म्हणून. बोगमाळ्याला नौदलाचं विमान संग्रहालय आहे, दाबोळी विमानतळाच्या मागेच. तिथे आलिझे उभं आहे, पंख दुमडलेलं बघायला मिळतं. सी हॉक, सी हॅरियरही. आणि एक सुपर कॉन्स्टेलेशन, तीन शेपट्यांचं, जे एअर इंडियापासून सुरू करून नौदलात निवृत्त झालं. गोव्याला जाऊन फक्त बागा बीचवर पडून येणाऱ्यांनी अर्धा दिवस काढावा.

---

घोडबंदरची_सून
सोमवार, दुपारी ४:२०

डिसेंबरात जातोय. मुलांना दाखवते. तो तुटणारा तुकडा तिथे बघायला मिळतो का?

---

निवृत्त आर्टिफिसर
सोमवार, सायंकाळी ५:४५

तुकडा नसेल, पण आलिझेच्या पोटाखाली बघायला सांगा. रडारचा डबा जिथून बाहेर यायचा ती गोल जागा दिसेल. त्याच्या पुढे फास अडकवायचे आकडे. आमच्या वेळी ते वरचं पोर डेकवर पोटावर रांगत जाऊन अडकवायचं, पंखा डोक्यापासून हातभर अंतरावर फिरत असताना.

अर्धवटराव, लिफ्टचं तुमचं बरोबर आहे. म्हणूनच पुढची विमानवाहू बांधायची ठरली तर लिफ्ट आधी मोठ्या करा, कॅटापल्टचं नंतर बघू. डेकवर विमान ठेवून गंजवायचं नसतं, आणि खाऱ्या हवेत ते आठवड्यात सुरू होतं.

---

अर्धवटराव_नाही
सोमवार, सायंकाळी ६:००

आणि वजन? चढावरून भरलेलं रफाल किती ओझं घेऊन उडणार, ते २०२८ पासून विमानं यायला लागली की कळेल. गाझीचा धागा काढलाय, सगळे तिकडे या.